सासऱ्याचं मशीन, जवायाचं मशीन

आमच्या ह्यांचा डावा कान गेला, हे मले त्यांच्याआधी समजलं. सायपाकखोलीतून आवाज दिला की उत्तर नाही. समोर जाऊन उभी राहिली की म्हणत, ध्यान नव्हतं. अहो, ध्यान एखाद्या वेळी हरवते माणसाचं, पण डाव्याच बाजूनं कसं काय हरवते? उभी जवानी ज्यानं डीजेच्या आवाजाच्या बॉक्सच्या बाजूले उभं राहून काढली, त्याचा कान जाईन नाही त काय होईन? पण हे मानायले तयार नव्हते, अन् मी बी कधी विषय काढला नाही. माणूस एखादी गोष्ट लपवून राहिला त लपवू द्यावी, मनात आलं की सांगते आपणहून, असं माझं मत. बाकी कोणत्याच गोष्टीत माझं तोंड बंद राहत नाही, हे सौंसरात कोणालेही विचारा.

माझं नाव प्रेमलता. ह्यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेते, पण लोक घेतेतच, हेमराज डीजे म्हणून. संत्र्याची थोडी झाडं हायेत, कापूस हाय, पण आमचं घर चालते ते गाण्यावर. आधी सीडी होत्या, मंग लॅपटॉप आला. तो उन्हाळ्यातल्या वरातीत तापून बंद पडे, अन् नवरदेव घोडीवर तसाच बसून राहे. शेवटी ह्यांनी लॅपटॉपशिवाय चालणारं मशीन घेतलं. पेन ड्राइव्ह खोचा, पडद्यावर गाणं निवडा, झालं. पेन ड्राइव्ह भरायचं काम माझ्याकडं. हळदीची गाणी वेगळी, वरातीची वेगळी, नवरी निघताना बायाले रडवायची वेगळी. त्यामुळं ते मशीन ह्यांच्याइतकंच मले बी समजते.

हे मशीन मोठं शहाणं. त्याच्यावरच्या दोन गाण्याचा ठेका ते आपणच जुळवते, कानाचं काही काम पडत नाही. कानाचं काम पडते दारावर. आमच्याकडं रीत अशी, की वरपक्ष आपला डीजे संगं घेऊन येते अन् नवरीकडचा डीजे मांडवात उभा असते. वरात दारात आली की त्यांचा डीजे हळूहळू आवाज उतरवते, अन् इकडचा त्याच ठेक्यावर आपलं गाणं चढवत जाते. नाचणाऱ्याचा पाय थांबला नाही पाहिजे. थांबला, त पंगतीत मठ्ठा वाढेपर्यंत नवरीकडच्या लोकायले तेच ऐकावं लागते. समोरच्याचा ठेका एका कानानं पकडायचा अन् आपल्या गाण्याचा हेडफोनमधून दुसऱ्या कानानं. आता एकच कान असन त माणसानं काय पकडावं?

मागच्या हंगामात मोहगावच्या एका लग्नात तेच झालं. ह्यांनी गाणं चढवलं अन् दोन ठेके एकमेकाच्या अंगावर पडले. नाचणारे थांबले, एकमेकाच्या तोंडाकडं पाहायले लागले. कोणीतरी गर्दीतून म्हणलं, हेमराजभाऊ आता म्हातारे झाले. हे घरी आले, हातपाय धुतले अन् न जेवताच झोपले. तवापासून दारावरचं काम आलं की कंबरेचं दुखणं काढत. नुसती हळद, नुसता वाढदिवस, असलीच कामं घेत.

अन् नेमकं त्याच वर्षी आमच्या तृप्तीचं लग्न जमलं. एकुलती एक पोट्टी, शाळेत शिकवते. पोरगा पांढुर्ण्याचा, नाव शुभम, अन् काम काय त डीजे. आता हे दोघं कसे भेटले ते मले विचारू नका. दोघंही म्हणतेत की आम्ही एकमेकाले ओळखतच नव्हतो, अन् पहिल्या दिवशी पाहायले आला तवा पोराले आमच्या घरातला पाण्याचा माठ कुठं ठेवला हाय ते ठाऊक होतं. असो. पोरगा सोन्यासारखा हाय. मले आई म्हणते, ताट आपलं आपण उचलते. शुभमचे वडील भैय्याजी, पांढुर्ण्यात कापडाचं दुकान. माणूस चांगला, पण ताठ. कपड्याले इस्त्री केल्यावर राहते तसा.

लग्न सौंसरातच आमच्या दारात ठरलं, तुळशीचं लग्न झाल्यावरचा मुहूर्त. बोलणी झाली त्याच संध्याकाळी हे मले म्हणाले की दारावर मी स्वतः उभा राहीन, दुसरा डीजे लावणार नाही. मी म्हणलं, नवरीच्या बापाले त्या दिवशी शंभर कामं असतेत. त्यावर ह्यांनी जे म्हणलं ते मी विसरली नाही. "पोरीच्या दारावर बी मले जमलं नाही, त दुसऱ्या दिवशी मशीन विकून टाकतो."

हे काही धमकी देणारे नाही, बोलले म्हणजे करतेत. अन् मशीन गेलं की ह्यांचं काय राहते? सकाळी उठून त्या मशीनवरची धूळ पुसल्याशिवाय हा माणूस चहा पीत नाही. लोकाच्या लग्नात नाचणाऱ्या पोरायकडं पाहून एकटाच हसत राहते. मले ना दागिन्याची चिंता होती, ना पंगतीची. मले फक्त त्या दारावरच्या चार मिनिटांची भीती वाटे.

लग्नाच्या थोडे दिवस आधी शुभम आपलं मशीन गाडीत टाकून आमच्या घरी आला, संगं भैय्याजी बी होते. त्याच्या हातात निळ्या वायरचं भेंडोळं, इंटरनेटवाले दुकानात लावतेत तसली. ह्यांच्यापाशी बसून पोरानं समजावलं की आपली दोन्ही मशीनं एकाच कंपनीची हायेत, ही वायर मधात लावली की दोन्ही एकमेकाशी बोलतेत. एकाचा ठेका दुसऱ्याले समजते. मोठ्या शहरात अशी चार-चार मशीनं जोडून एकच डीजे करतेत. एकट्याचं छोटं मशीन जोडत-जोडत मोठं करायचं, असं त्याचं डोकं चालते. दारावर आपण तसंच करू, म्हणे. आपला पिकअप, वरातीची गाडी, दाराशी येईन, मांडवातून वायर तिथवर पुरते.

फक्त एक गोष्ट. जोडलेल्या दर मशीनले नंबर द्यावा लागते, एकपासून चारपर्यंत. दोघाचा नंबर एकच झाला त मशीनं एकमेकाले ओळखत नाही. शुभमनं न विचारताच ह्यांच्या मशीनले एक दिला, आपल्याले दोन, अन् वायर लावली. त्यानं आपलं गाणं सुरू केलं. ह्यांनी भीत-भीत आपलं चढवलं. हेडफोन गळ्यातच होता, कानाले लावलाच नाही. अन् बाई, गाणं असं गेलं एकातून दुसऱ्यात, की मी दारात उभी होती, मले समजलंच नाही कुठं बदललं ते. ह्यांनी परत करून पाहिलं. मंग अजून एकदा. मंग म्हणाले की डोळ्यात कचरा गेला, अन् मोरीत जाऊन तोंड धुवून आले. नवीन मॉडेलची कमाल हाय बुवा, असं शुभमले म्हणाले. मी मनातल्या मनात त्या पोराले ओवाळलं.

पण आमच्या घरात सुख काही सरळ येत नाही. भैय्याजी चष्मा लावून पडद्यापाशी वाकले. आमच्या शुभमचा दोन नंबर? वरपक्षाचा दोन नंबर? त्यांनी काही रागानं विचारलं नव्हतं, पण ह्यांनी मान ताठ केली. सौंसरात पहिला डीजे कोणाचा होता ते विचारा म्हणे गावात. भैय्याजी म्हणाले, गावाचं आम्ही काय करावं, लग्नात पोराची बाजू आधी असते. शुभम बिचारा सांगून-सांगून थकला की हा नंबर मानाचा नाही, घरावर पत्ता असते तसा हाय. ऐकते कोण? दोघायनीही आपापल्या मशीनले एक नंबरच लावून ठेवला अन् मशीनं आपापल्या घरी गेली. त्यानंतर दोन्ही इवाई, म्हणजे नवरा-नवरीचे बाप, एकमेकाशी बोलतच नव्हते. आहेराचं, पंगतीचं, सगळं तृप्ती अन् शुभमच्या फोनवरून चाललं. मी दोघायलेही बह्याड म्हणलं, एकाले तोंडावर अन् दुसऱ्याले मनात.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मांडवात गेली. ह्यांनी संत्र्याचे कॅरेट एकावर एक मांडले होते, वर चादर टाकली होती अन् त्यावर मशीन. आहेराचा नवा सदरा घालून, चष्मा नाकावर घेऊन, एका बोटानं पडद्यावर काहीतरी करून राहिले होते. मी वाकून पाहिलं. एकाचा दोन केला होता.

मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "आज तो नवरदेव हाय. आपण त्याचे पाय धुवून पोरगी देणार, अन् नंबरासाठी भांडू काय?" मंग मले दम दिला की कोणाले सांगू नको, तृप्तीले बी नाही, इवायाले दारावर आल्यावरच दिसू दे. आपण आधी नमलो असं वाटू नये, म्हणून ही लपाछपी. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाचा ताठा बी केवढा. मले एकदम भरून आलं. चहा तिथंच ठेवून मी निघाली, नाहीतर लोकादेखत रडली असती.

संध्याकाळी वरात आली. पिकअपवर शुभमचं मशीन, त्यावर त्याचा जोडीदार गौतम, मागं घोडीवर शुभम, पुढं अख्खं पांढुर्णा नाचून राहिलं. मी दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी. जवाई आला की सासूनं ओवाळल्याशिवाय त्याचा पाय जमिनीवर टेकत नाही, अन् नवरी अंतरपाटापर्यंत खोलीतच. म्हणजे मशीनमधलं सगळ्यात जास्त ज्याले कळते तो घोडीवर अडकलेला, अन् तृप्ती आत. गौतमनं निळी वायर आणून आमच्या मशीनमधी लावली, अन् पिकअपवर चढून ह्यांना हात दाखवला.

काहीच झालं नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली. गौतमनं वायर काढून पुसली, परत लावली. परत तेच. त्याचं गाणं संपत आलं होतं, म्हणून त्यानं शेवटचा तुकडाच फिरवून-फिरवून लावला. नाचणारे त्यावर बी नाचले, पण किती वेळ नाचतीन? मोहगावची काही माणसं त्या गर्दीत होती, मले दिसली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी गळ्यातला हेडफोन उचलला अन् डाव्या कानाले लावला. खाली घेतला. परत लावला. कपाळावरून घाम चालला होता.

मी तशीच घोडीपाशी गेली. शुभमनं वाकून मुंडावळ्या बाजूले केल्या.

"आई, माझाच दोष हाय," तो म्हणाला. "मी सकाळी आपला नंबर दोन केला. तृप्तीच्या बाबांचा मान राहावा म्हणून. आमच्या बाबांनी ऐकलं असतं त वाद झाला असता, म्हणून सांगितलं नाही."

घ्या. दोघंही एकावर अडले होते तवा भांडण, अन् दोघंही दोनवर आले तवा बंद. मी मागं फिरली अन् ह्यांच्या कानात, उजव्या बरं का, सांगितलं. तोवर भैय्याजी बी मांडवात आले होते. त्यांनी पडद्यावरचा दोन पाहिला अन् एकदम उभेच राहिले. इस्त्री सगळी उतरली त्या माणसाची. ह्यांचे हात धरले अन् म्हणायले लागले, नाही जी, हे चालणार नाही, एक नंबर तुमचाच, तुम्ही मोठे. हे म्हणाले, असं कसं, आज वरपक्षाचा मान. भैय्याजी म्हणाले, माझी शपथ. हे म्हणाले, पोरीची शपथ. पंगतीत जिलेबीचा आग्रह करतेत तसा दोघांचा एक नंबराचा आग्रह सुरू झाला, दोघाचेही डोळे ओले, अन् तिकडं गौतमचा तुकडा फिरून-फिरून घोडी बी कंटाळली.

माझं डोकं फिरलं. मी औक्षणाचं ताट सरळ भैय्याजीच्या हातात दिलं. नवरदेवाचा बाप आरतीचं ताट घेऊन उभा, असं सौंसरात कोणी पाहिलं नसन. वायर लागलेली असली की नंबर बदलत नाही, म्हणून आधी वायर उपटली. मंग ह्यांच्या मशीनचा नंबर केला तीन.

"तीन?" हे म्हणाले.

"हो, तीन. जवाई दोन. एक कोणालेच नको होता न, राहू द्या रिकामा. आता वाजवा."

वायर लावली. लाल अक्षरं गेली. पलीकडून गौतमनं अंगठा दाखवला. ह्यांनी एक श्वास घेतला, हेडफोन गळ्यातून काढून कॅरेटवर ठेवून दिला, अन् गाणं चढवलं. माझे हात पदरात घट्ट होते. तिकडचा आवाज उतरत गेला, इकडचा येत गेला, अन् नाचणारी पोरं तशीच नाचत-नाचत मांडवात शिरली. कोणाचा पाय थांबला नाही. कोणी काही बोललं बी नाही, अन् दारावरच्या कामात तेच पाहिजे असते. मी भैय्याजीच्या हातातून ताट घेतलं अन् जवायाले ओवाळलं. ओवाळताना मी हसत होती की रडत होती, ते व्हिडिओत बी नीट समजत नाही.

मंग अंतरपाट झाला, अक्षता पडल्या, अन् पाय धुवायची वेळ आली. शुभम पाटावर बसला, बाजूले तृप्ती. खाली परात. मी लोटा घेऊन उभी, हे परातीपुढं बसले. महाराज मंत्र म्हणून राहिले होते. तेवढ्यात शुभम वाकून ह्यांना हळूच काहीतरी म्हणाला. तो ह्यांच्या डाव्या अंगाले होता. हे तसेच बसून. मले वाटलं, आता म्हणतीन, ध्यान नव्हतं.

पण त्याचं वाकणं ह्यांना दिसलं होतं. मंग मान वर केली अन् चारचौघात, इवायासमोर, महाराजासमोर, मोठ्यानं म्हणाले, "जवाईबापू, इकडून बोलत जा. मले डाव्या कानानं ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

महाराजाचा मंत्र मधातच राहिला. शुभम पाटावरून सरकला अन् उजव्या कानापाशी आला.

"माहीत हाय, बाबा," तो म्हणाला. "म्हणून त वायर आणली."

ह्यांनी तृप्तीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यातलं काजळ गालावर आलं होतं, पण हसली. मीच सांगितलं होतं त्याले, म्हणाली. मंग ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नुसती मान हालवली.

"सगळ्यायले माहीत होतं," हे म्हणाले, "त मी लपवून कोणापासून राहिलो होतो?"

ह्यांचे खांदे हालायले लागले, हसून राहिले की रडून ते मागून समजत नव्हतं. महाराज थांबले होते, भैय्याजी उपरण्यानं नाक पुसत होते. मी लोटा वाकवला अन् म्हणली, "धुवा आता. मी पाणी घालून राहिली."